हजार ओळींचा हिवाळा

जूनमध्ये पुन्ता अरेनासला
सकाळचे दहा वाजले तरी उजाडत नाही.
अशा गावात रात्रशाळा म्हणजे
अंधारातून उठून अंधारात बसणं.

एदुविना बाईंनी मात्र मार्चमध्येच, पहिल्याच तासाला,
फळ्यावर एक आकडा लिहिला होता: १०००.
"इतक्या ओळींची एक कविता. हिवाळा संपायच्या आत."

आम्ही अकरा जण.
फ्रीज दुरुस्त करणारा येर्को इतका हसला
की त्याला खोकल्याची उबळ आली.
मी फेरीबोटीवर तिकिटं फाडतो.
माझं तोवरचं सगळ्यात लांब लेखन
मेहुण्याविरुद्धची पोलीस तक्रार.

कुणीतरी म्हणालं, बाई, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
बाईंनी खडू खाली ठेवला.
"आधी पाय पसरा.
थंडी वाजली की अंथरूण विणायला घ्यालच.
लोकरीला काय तोटा आहे या गावात?"

पहिल्या चाळीस ओळी झरझर आल्या.
त्यात समुद्र सात वेळा अथांग होता.
एक्केचाळिसाव्या ओळीला
माझ्याकडचा सगळा समुद्र संपला.
मग नाइलाजानं मी रोजचं लिहायला लागलो:
ट्रक बांधायच्या साखळीचा गंज,
पोर्वेनीरला माहेरी जाणारी
आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवणारी ती बाई,
तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला केक.
छोटी कविता असती
तर मी चाळिसावरच टाळ्या घेऊन घरी गेलो असतो.

ओर्फेलिना खेकड्यांच्या कारखान्यातली.
वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर लिहायची.
तिनं पिशवी उघडली की
शाळेचं मांजर येऊन पायाशी बसायचं.
हजारावर पोचली ती एकटीच.
"नऊशे वाईट आहेत," म्हणाली, "मोजल्यात मी.
पण किलोभर खेकड्यातून मांस निघतं पाव किलो.
पाव किलोचाच खेकडा धरून आणला
तर त्यातून काय निघणार, सांगा."

येर्को एकशे बारावर थांबला.
त्यातल्या सहा ओळी मला पाठ आहेत.
नवरा गेल्यावर
"एकटीसाठी चालू ठेवू का हो?" असं विचारणाऱ्या म्हातारीच्या
फ्रीजची घरघर आहे त्यात.

मी, सहाशे तेरा.

शेवटच्या रात्री बाईंनी कपाटातून
सुतळीनं बांधलेला स्वतःचा गठ्ठा काढला.
चार हिवाळे, चार सुरुवाती.
सगळ्यात लांब गेलेली चारशे सहाव्या ओळीवर,
वाक्याच्या मधेच, बसलेली.
आम्हाला कुठं बघावं कळेना.
येर्कोनं खुर्ची पुढे ओढली
आणि म्हणाला, "वाचा."

बाई आता चिलोएला, बहिणीकडे असतात.
खडू माझ्याकडे आलाय. का, ते मला विचारू नकोस.

तर आयलीन,
सोळा वर्षांची तू, खिडकीशेजारी बसून विचारतेस:
आधी चार ओळींची लिहून बघू का?

लिही की. कोण नको म्हणतंय?
पण जरा बाहेर बघ.
मार्च आहे, वारा अजून गावातच आहे,
चौकात दोऱ्या बांधल्यात.
दोरी काही वारा अडवत नाही.
ती बघ, औषधाच्या दुकानाकडे निघालेली आजी:
टोपी गेली, पिशवी पोटाशी, केस तोंडावर,
तिरकी होत होत, तरी चाललीय.
पलीकडचा फुटपाथ तिला इथून दिसतही नसेल.

तुला जमेल का? मला माहीत नाही.
माझी सहाशे चौदावी ओळ अजून यायचीय,
रोज बोटीवर मी तिची वाट बघतो,
तिकीट मागतो, ती भलत्याच कुणाची निघते.

हे घे.
एक मी लिहिलाय फळ्यावर.
पुढची शून्यं तू काढ.
तिसरं जरा वाकडं आलं तरी चालेल.